रक्त आपले, मग संशोधकही आपलाच का नसावा?



एखाद्या घरात दोन भावंडांना दिवेलागणीनंतर दिसेनासे होते. वय वाढते तशी बाजूची नजर आकसत जाते. मग शेजारीपाजारी काय म्हणतात? कुणी गेल्या जन्मीचे पाप म्हणतो, कुणी सुनेच्या माहेरावर बोट ठेवतो. दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत.

रातांधळेपणाची मुख्य कारणे दोन. पहिले म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. पालेभाजी, पपई, दूध, अंडी आणि डॉक्टरांनी दिलेला डोस याने हा रातांधळेपणा वेळीच बरा होतो. दुसरा मात्र आनुवंशिक. डॉक्टर त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू मरत जातात. चष्मा लावून हा रोग जात नाही, कारण त्याचे मूळ जनुकात आहे. १९९० साली शास्त्रज्ञांनी ऱ्होडॉप्सिन नावाच्या जनुकातील दोषामुळे हा रोग होतो हे दाखवून दिले. त्यानंतर असे अनेक जनुक सापडले.

पुष्कळ घराण्यांत आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन दोष एकत्र आले तरच रोग दिसतो. आईबाप दोघेही धडधाकट असतात, पण प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक. विदर्भातल्या आपल्या माणसांना हे गणित नवे नाही. सिकलसेलचे गणित हेच आहे. मग एकट्या सुनेला बोल लावून तिला माहेरी धाडणे हा कोणता न्याय? नात्यातल्या नात्यात लग्न केले की ही शक्यता वाढते, हेही लक्षात ठेवावे.

बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपल्या घरोघरी आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी त्यात आनुवंशिकतेच्या शास्त्रावर घासून पाहिला आणि नाकारला. आपण ग्रंथाला वंदन करतो, पण ते पान वाचतो का?

आता मुद्द्यावर येतो. आपल्या जामच्या चौकातून जाणारा महामार्ग थेट हैदराबादला पोचतो. तिथे १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली एन. राव यांनी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था सुरू केली. गरिबांवर तिथे विनामूल्य उपचार होतात. तिच्याच प्रयोगशाळेत डॉ. चित्रा कन्नबिरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांतील अशा नेत्ररोगांमागचे जनुकदोष शोधले. हे काम चालते कसे? रोग्याच्या तीन-चार पिढ्यांची वंशावळ मांडायची, घरातल्या माणसांचे रक्त घ्यायचे, त्यातून डीएनए वेगळा करायचा आणि कोणते अक्षर चुकले ते शोधायचे. २०१७ साली अमेरिकेत आरपीई-६५ या एका जनुकाच्या दोषावर जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर! तो उपचार त्या एकाच दोषाला चालतो. आपल्या माणसांत कोणता दोष आहे हे इथेच शोधावे लागेल, आणि स्वस्त उपचारही इथेच घडवावा लागेल.

अशा संशोधनासाठी ज्युनिअर रिसर्च फेलोच्या जागा निघतात. एम.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखा विषय घ्यायचा आणि सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट परीक्षा द्यायची. फेलोशिपसाठीच्या वयोमर्यादेत अनुसूचित जातींना सवलत आहे. जानेवारी २०२३ पासून ही फेलोशिप दरमहा ३७ हजार रुपये आहे. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी पुण्याच्या बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे.

नोकरी कायम नाही, प्रकल्प संपला की पुढे काय, ही आईबापांची धास्ती मला कळते. मी स्वतः कारकून आहे, कायम नोकरीची किंमत जाणतो. पण पोलीस भरती, तलाठी, लिपिक एवढ्यावरच आपली नजर थांबली, तर आपल्या रोगांचा अभ्यास नेहमी दुसराच करील. आपण फक्त रक्त देऊ. १९१३ साली बाबासाहेब शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा त्यांच्या घरी पैशाची सुबत्ता नव्हती.

म्हणून दोन विनंत्या. घरात कुणाला रात्री दिसत नसेल, किंवा लहान मुलाच्या बुबुळात पांढरी चमक दिसत असेल, तर बुवाकडे जाऊ नका. उशीर न करता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे दाखवा. पांढरी चमक हे डोळ्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, तिथे एकेक दिवस मोलाचा. दुसरी विनंती, मुलगी एम.एस्सी.त शिकत असेल तर तिच्या लग्नाची घाई करू नका. नेटचा अर्ज तिला भरू द्या. फीचे पैसे कमी पडले तर विहारात सांगा, वर्गणी आपण काढू.

जयभीम! नमो बुद्धाय!