पुस्तक फाटू द्या

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत खिडकीखाली पत्र्याची निळी पेटी होती. पेटीला कुलूप. आत चित्रांची एकवीस पुस्तकं, लाकडी ठोकळे, ओवायचे मणी आणि एक कापडी बाहुली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. मी त्या भागातल्या अंगणवाड्यांच्या गटाची, म्हणजे ‘बीट’ची, पर्यवेक्षिका. भेटीला गेले की सेविकाताई किल्ली आणायच्या, पेटी उघडायच्या, मी यादीवर खुणा करायची आणि शेरा लिहायची, ‘साहित्य पूर्ण व सुस्थितीत’. पेटी पुन्हा बंद व्हायची. असा शेरा मी पाच वर्षं लिहिला. पुस्तकं सुस्थितीत होती, कारण पाड्यावरच्या एकाही पोरानं ती हातात धरली नव्हती.

दोष सेविकाताईंचा नव्हता. त्यांनी एकदा मला सरळच विचारलं होतं, “मॅडम, पोरांनी फाडली तर भरून कोण देणार?” फाटलेल्या पुस्तकाचं काय करायचं, यासाठी माझ्या तपासणीच्या नमुन्यात रकाना नव्हता. मी म्हणाले, “जपून वापरा.” त्यांनी जपून ठेवली.

डहाणू आणि तलासरीत सव्वीस वर्षं अंगणवाड्या पाहून मी निवृत्त झाले. लहान मुलांच्या वाचनाबद्दल या काळात मी पुष्कळ बैठकांना बसले, प्रशिक्षणं घेतली आणि दिलीही. आज माझं मागणं एवढंच आहे, की पेटीतली पुस्तकं मुलांबरोबर घरी जाऊ द्या आणि घरातल्या गोष्टी अंगणवाडीत येऊ द्या. पुस्तकं फाटली तर फाटू द्या. हे मला कुठल्या प्रशिक्षणात उमगलं नाही, भूकंपात उमगलं.

नोव्हेंबर २०१८पासून आमच्या धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या थंडीत माणसं घरं सोडून अंगणात, शेतात झोपली. तंबू आले. शाळा उघड्यावर भरू लागल्या, आमच्या अंगणवाड्याही. माझ्या बीटमधली एक अंगणवाडी मोहाच्या झाडाखाली बसायची. एरवी आया पोराला दारात सोडून निघून जायच्या. त्या दिवसांत पोराला नजरेआड करायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आया तिथेच बसल्या, आज्या बसल्या, धाकट्या भावंडांना काखेत घेऊन दहा-दहा वर्षांच्या बहिणी बसल्या.

एके सकाळी एक आजी नातवाला मांडीवर घेऊन वाघाची गोष्ट सांगू लागली. वारलीत. तो मुलगा चार महिने अंगणवाडीत येत होता आणि त्याच्या नोंदीत आम्ही ‘बोलत नाही’ असं लिहिलं होतं. वाघ नदी ओलांडतो तिथं आजी काहीतरी चुकली असावी, कारण तो एकदम उसळून बोलला, तिला थांबवलं आणि पुढची सगळी गोष्ट त्यानंच सांगितली. तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सेविकाताई त्याच्याशी वारलीतच बोलत होत्या, हसत, झरझर. त्या स्वतः वारली. इतकी वर्षं मी खोलीत शिरले की त्या प्रमाण मराठी बोलायच्या आणि मुलांनाही तसंच बोलायला लावायच्या. ते सगळं माझ्यासाठी चाललेलं असायचं. मुलाची भाषा माझ्या चपलांबरोबर दाराबाहेर राहत होती.

हातात भेटीचा कागद होता. तो उलटा करून मी आजीची चार वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहिली, ती बोलली तशीच. वारली मला ऐकून कळते, लिहिताना अडखळले. सेविकाताईंनी दोन शब्द सुधारून दिले. मग शब्दाशब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. आजी म्हणाली, पुन्हा वाच. मग तिसऱ्यांदा. आपण बोललो ते कागदावर राहिलंय का, पुन्हा वाचलं तरी तेच निघतंय का, याची ती खात्री करून घेत होती. तोवर नातवानं कागदावर बोट टेकवून विचारलं, यात वाघ कुठं आहे? मी तो शब्द दाखवला. त्यानं बोट तिथून बराच वेळ हलवलं नाही.

वाचनाची सुरुवात इथं होते. बोललेलं लिहिता येतं, लिहिलेलं पुन्हा बोलता येतं आणि कागदावरच्या त्या रेघांना अर्थ आहे, हे मुलाला आधी कळायला हवं. शब्दांचा साठा हवा, गोष्टीत पुढं काय होणार याची ओढ हवी. हे चार-पाच वर्षं बोलण्यातून, गाण्यांतून, गोष्टींतून साचत जातं. ‘क’ गिरवणं त्यानंतरचं. आम्ही मात्र साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी देऊन त्याच्याकडून ओळीनं ‘क’ काढून घेतो आणि आईला दाखवतो. आईही तेच मागते. तलासरी नाक्यावर इंग्रजी नर्सरीच्या पाट्या झळकतात, तिथली मुलं गृहपाठ आणतात, मग आमच्या मुलांना लिहायला का देत नाही, असं बाप विचारतो. त्याचा प्रश्न खोटा नाही. आपल्या पोरानं शिकावं म्हणून तो तळमळतो. त्याला उत्तर देण्यासाठी कुणी त्याच्याजवळ बसत नाही, एवढंच.

घरच्यांजवळ जाऊन बसायचं हे शहाणपण याच मातीत फार पूर्वी रुजलेलं आहे, म्हणून माझा जीव जास्त तुटतो. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. बालवाडी काढली, पण वस्तीतली गरिबांची मुलं येईनात. मग त्याच वस्तीत गेल्या. अंगणात मुलं जमवली, अंघोळी घातल्या, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं, विकासवाडीत. मुली शाळेला का येत नाहीत, तर त्या घरी तान्ही भावंडं सांभाळतात. मग शाळेजवळ पाळणाघर. मुलगे गुरांमागं रानात जातात, मग गुरं चरतात तिथंच कुरणशाळा. मूल येत नाही तेव्हा त्याच्या घराकडं बघायचं, ही त्या दोघींची रीत. २ ऑक्टोबर १९७५ला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला नाव मिळालं ते अंगणवाडी.

अंगणवाडीला पक्की खोली हवी, पाणी हवं, संडास हवा. त्यासाठी मी स्वतः भांडले आहे. पण खोली झाली आणि आई उंबऱ्याबाहेर राहिली. तिला आत बोलावणं येतं ते वजनाला, लसीला आणि शिधा न्यायला. शिकवण्यासाठी म्हणून तिला कुणी बोलावत नाही. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर वारली चित्रं रंगवलेली असतात, ठेकेदाराच्या रंगाऱ्यानं. ज्या घरात लग्नाचा चौक काढला जातो, सवाशिणी तांदळाच्या पिठानं पालघट देवी रेखतात, लग्न लावणारी धवलेरी गाते, त्या घरातल्या बाईला कुणी भिंतीजवळ उभं करून विचारत नाही, की यात काय आहे ते मुलांना सांग. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं जगभर गेली. चित्राला गोष्ट असते, हे इथल्या मुलाला भिंत बघून माहीत आहे. वाचायला शिकवणाऱ्याला याहून चांगली तयारी कुठं मिळणार? आणि आम्ही त्याच मुलापुढं तक्ता धरतो, ते नागली म्हणतं, आम्ही म्हणतो, नाचणी म्हण. मूल पुढच्या चित्राला गप्प बसतं.

२०११च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यात शंभरातले नव्वद लोक आदिवासी आहेत. वारली, धोडी, कोकणा, आणखीही. शिवाय गुजरातची हद्द लागून, त्यामुळं गुजराती कानावर पडतेच. घरातली मोठी माणसं पहाटे उंबरगावच्या कंपन्यांत जातात. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. मग पालक सभा कुणाची घ्यायची? मूल ज्याच्या अंगावर असतं ती आजी, मोठी बहीण किंवा शेजारची बाई. बोलावायचं तर त्यांना बोलवा. दहा वर्षांची बहीण धाकट्याला पुस्तक दाखवते तेव्हा दोघं वाचायला शिकतात. राज्याच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात २०२२पासून आयांचे गट झाले, ते मला फार आवडलं. आमच्याकडं मात्र त्या गटात आज्या आणि बहिणी धरल्याशिवाय भागायचं नाही.

मला लिहिता येत नाही, मी काय शिकवू, असं आई म्हणते. तिला सांगावं लागतं, की चित्रं बघून बोल, तुझ्या भाषेत बोल, पोराला विचार पुढं काय होईल. एवढ्याला अक्षर लागत नाही. तिच्या हातात पुस्तक मात्र लागतं.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली ‘बुकस्टार्ट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तान्ह्या बाळांच्या तीनशे घरांना पुस्तकांची पिशवी दिली. देणाऱ्यांत बाळाची तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. पुढं तो देशभर पसरला. आपल्याकडं अशी पुस्तकं द्यायचा दिवस आधीपासूनच ठरलेला आहे. महिन्याचा लसीकरणाचा दिवस. एएनएम येते, आशा येते, पाड्यावरच्या सगळ्या लेकुरवाळ्या बायका एकत्र असतात, दोन-दोन तास बसतात. वजनकाटा असतो, लसीची पेटी असते. तिथं पुस्तकांची चटई अंथरायला काय हरकत आहे? आईनं एक उचलावं, महिनाभर घरी ठेवावं, पुढच्या लसीला बदलून न्यावं.

सेविकांवर आणखी एक काम, असं कुणी म्हणेल. ते म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, मीच आधी म्हणेन. मोबाईलच्या पोषण ट्रॅकरवर माहिती भरायला रेंज शोधत टेकाडावर चढणारी सेविका मी पाहिली आहे. ४ डिसेंबर २०२३पासून राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा मी त्यांच्या बाजूची होते आणि आजही आहे. तीन वर्षांवरच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईला मानधनावर ठेवायचं आणि तिच्याकडून शाळेचा पाया मागायचा, हे अन्यायाचं आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, तर त्या टप्प्यातल्या पहिल्या बाईंना शिक्षिका म्हणून वागवा. सकाळचे दोन तास तिच्या हातात मोबाईल नको. पण पुस्तक घरी पाठवण्याचं काम खरोखर जड नाही. ते जड केलं आहे कुलपानं आणि भरपाईच्या भीतीनं.

म्हणून माझं म्हणणं प्रशासनाला आहे. वर्षाकाठी फाटलेली, हरवलेली पुस्तकं सेविकेच्या एका सहीनं निर्लेखित होतील, असा आदेश काढा. वर्षाअखेरी सगळी पुस्तकं कोरी राहिली, तर पर्यवेक्षिकेनं त्याचा जाब विचारावा. नव्या पुस्तकांना पैसे नाहीत म्हणू नका. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा कायद्याखाली आहेत, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि शिक्षण त्यात बसतं. पन्नास पुस्तकांचा ठराव करायला ग्रामसभेला एक संध्याकाळ पुरते. कसं वापरायचं हे शिकवणारी माणसंही जवळच आहेत. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ साली उभी केलेली ग्राममंगल ही संस्था डहाणू तालुक्यात ऐन्याला आहे. वाडा तालुक्यात सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था ‘पालवी’ नावानं अंगणवाड्यांबरोबर काम करते.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी त्या निळ्या पेटीचं कुलूप काढायला लावलं. वरून लेखी आदेश नव्हता, मी माझ्या सहीनं केलं. दिवाळीनंतर एक कुटुंब भट्टीवर निघालं, तेव्हा सेविकाताईंनी चार वर्षांच्या पोरीच्या बोचक्यात एक पुस्तक घातलं, कोंबडीचं. मे महिन्याच्या शेवटी ते परत आलं. पानांवर विटांची लाल माती, कव्हर गेलेलं, शेवटची दोन पानं नाहीत. पोर माझ्यापुढं मांडी घालून बसली, एकेक पान उलटत तिनं वारलीत गोष्ट सांगितली, आणि पानं संपली तिथं न थांबता हातावरच पान उलटल्यासारखं करत पुढची दोन पानंही सांगितली. मी तिच्या आईकडं पाहिलं. रात्री भट्टीच्या उजेडात रोज बघायचो, असं ती म्हणाली.

ते पुस्तक माझ्याकडं आहे. त्याच्या जागी मी नवं घेऊन दिलं. या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी मी त्या पाड्यावर जाणार आहे. पिशवीत सतरा पुस्तकं आहेत. वजनकाट्याशेजारी चटई अंथरायला सेविकाताई तयार आहेत, आणि वाघाच्या गोष्टीवाल्या आजीला निरोप गेला आहे.