शोधनिबंधाची पारख

इतवारीच्या सराफ्यात सोने पारखूनच घेतले जाते. शोधनिबंधाचेही तसेच असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे नागपूरच्या विद्यार्थ्यालाही आता त्या यादीचा आधार उरलेला नाही. ‘शोधगंगा’वर प्रबंध मिळतात, मात्र त्यांत उल्लेखिलेला निबंध तज्ज्ञांनी परीक्षिलेला आहे काय, हे स्वतःच पाहावे लागते. नियतकालिकाची परीक्षणपद्धती वाचावी. संपादकांची नावे त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावीत. डीओआय क्रमांकावरून मूळ निबंध उघडावा आणि तो मागे घेतलेला नाही ना, हे तपासावे. शुल्क भरताच चार दिवसांत प्रसिद्धीचे आश्वासन मिळाल्यास सावध व्हावे. संदर्भसूचीतील प्रत्येक नोंदीस अखेर विद्यार्थीच उत्तरदायी असतो.