चार क्विंटल सोयाबीनची सॅक

‘गिर्यारोहणाला चालेल, स्की टूरिंगला चालेल, कॉलेजला आणि एसटीच्या प्रवासालाही चालेल, अशी एकच सॅक सांगा.’ हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मागच्या वेळी तो केनवडहून आला. केनवड म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं गाव, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. सोबत एका परदेशी सॅकची लिंक होती आणि किंमत वीस हजारांच्या घरात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे चार क्विंटल सोयाबीन देऊन ही सॅक यायची, आणि त्या वर्षी हमीभावसुद्धा कितीजणांच्या हातात पडला हे तिकडच्या लोकांना सांगायला नको.

त्या पोराचा मला राग आला नाही. डोंगर पाठीवरच्या सॅकपासून सुरू होतो हे ज्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं त्यांचा आला. सॅकवरची रील्स बघा. एक तरणाबांड गडी हिरव्या माळावर उभा राहतो, तीसेक सेकंदांत सतरा पट्टे आणि नऊ खिसे दाखवतो आणि शेवटी म्हणतो की ही ‘ऑल-राउंडर’ आहे. सॅक छान फुगलेली असते. आत उशी असावी अशी मला दाट शंका आहे, कारण बारा किलो पाठीवर घेतलेला माणूस इतका सरळ उभा राहून हसत नाही.

‘ऑल-राउंडर’ या शब्दातली गोम आधी समजून घेऊ. सह्याद्रीत ऑक्टोबरातही पाठ घामाने भिजते. म्हणून आपल्याकडे ताणलेल्या जाळीची पाठ असलेल्या सॅक आवडतात. जाळी पाठीला टेकते, सॅकचं पोट चार बोटं मागे राहतं, मधून वारा खेळतो. कळसूबाई चढताना हे सुख आहे. तीच सॅक बर्फात न्या. विश्रांतीला खाली टेकवली की जाळीत बर्फ भरतो, पाठीच्या उबेने वितळतो, थांबलात की पुन्हा गोठतो. शिवाय वजन पाठीपासून जितकं लांब तितकं ते मागे ओढतं. चालताना हे खपून जातं, स्कीवर वळण घेताना नाही. त्यामुळे बर्फातल्या सॅकची पाठ गुळगुळीत आणि अंगाला चिकटून बसणारी असते. आता सांगा, एकाच सॅकला दोन पाठी कुठून आणायच्या?

स्की टूरिंग हा प्रकार आपल्याकडे नवा, म्हणून दोन शब्द. यात चेअरलिफ्टने वर जायचं नसतं. स्कीच्या तळाला खरखरीत पट्ट्या चिकटवतात, त्यांना ‘स्किन’ म्हणतात. टाच मोकळी ठेवून त्याच्यावर चढायचं, वर पोचल्यावर पट्ट्या काढून टाच अडकवायची आणि घसरत खाली यायचं. चढ फार उभा झाला की स्की सॅकला बांधून पायी जावं लागतं. स्कीच्या कडा पोलादी आणि धारदार असतात, त्या साध्या नायलॉनला आठवड्यात कापतील, म्हणून बाजूचं कापड जाड लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फावडं आणि शोधकाठी ठेवायला वेगळा खिसा लागतो, एका झटक्यात उघडणारा. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता मोठी, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. त्या वेळी फावडं डब्याखाली आणि जॅकेटाखाली शोधत बसायचं नसतं.

हे घाबरवायला लिहीत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमध्ये द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. ती माणसं प्रशिक्षित होती, सोबत प्रशिक्षक होते. अशा जागेसाठीची वस्तू ‘कॉलेजलाही चालेल’ म्हणून खपवणं हा मला निव्वळ निर्लज्जपणा वाटतो.

मग विदर्भाच्या सपाटीवरच्या पोरांनी हे स्वप्न बघूच नये का? उलट. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची ती मोहीम. त्यांची सुरुवात कुठल्या दुकानात झाली नव्हती. निवड झाली, महिनोन् महिने सराव झाला, साहित्य मोहिमेने दिलं. क्रम बघा: माणूस आधी, सामान मागून.

जो लाभ त्या पाचांना मोहिमेतून मिळाला, त्याचा एक छोटा अवतार कुणालाही मिळू शकतो, आणि रीलवाले तो सांगत नाहीत, कारण त्यात विकायला काही नाही. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथल्या सरकारी पर्वतारोहण संस्थांचा बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. तिथे सॅक, बर्फातले बूट, आइस अ‍ॅक्स, स्लीपिंग बॅग हे सगळं संस्थेच्या भांडारातून मिळतं आणि कोर्स संपला की परत करायचं असतं. कॉलेजात एनसीसी असेल तर कॅडेट म्हणूनही या कोर्सला जायची वाट आहे. स्कीइंगचे कोर्स गुलमर्ग, औली, सोलंगला होतात, तिथेही स्की आणि बूट मिळतात. तेव्हा केनवडच्या पोराने आज वीस हजार कुठे घालवावेत? कोर्सची फी, रेल्वेचं तिकीट, चांगले मोजे आणि पायाला नीट बसणारे चालायचे बूट. पैसे उरले तर उरू द्यावेत.

‘पण स्वतःची सॅक असली की सवय होते,’ असं मला एका जाणत्या गिर्यारोहकाने ऐकवलं. सवय सॅकची नसते, वजनाची असते. घरातल्या जुन्या दप्तरात पाण्याच्या बाटल्या भरा आणि बांधाबांधाने तासभर चाला. लोणार जवळच आहे, विवराच्या कडेवरून खाली उतरून पुन्हा वर या. गुडघे काय म्हणतात ते तिथे कळेल. (बाटल्याच घ्या, दगड नकोत. दमलात तर पाणी ओतून देता येतं.)

वजन कसं न्यायचं याचं ज्ञान तर गावात आधीपासून आहे. चुंबळीवर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला मध्यरेषेचं शास्त्र शिकवावं लागत नाही. नेपाळी हमाल कपाळाला नाम्लो लावून ओझं वाहतो, तोही भार मणक्याच्या रेषेतच आणतो. सॅकचा कंबरपट्टा तेच काम दुसऱ्या वाटेने करतो, भार खांद्यावरून काढून कमरेच्या हाडावर देतो. पट्टा पोटावर आला तर सगळं ओझं खांदे वाहतात आणि महागड्या सॅकचं पोतं होतं.

म्हणून कोर्स करून आल्यावर, डोंगर खरंच आवडला तर सॅक घ्या आणि घेताना लिटर विचारायच्या आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्याला जोडणाऱ्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपने माप घ्यायचं, कुणाला तरी धरायला सांगून. उंचीवर जाऊ नका. सारख्या उंचीच्या दोघांची पाठ वेगळी निघते. मुलींनी तर हे माप घेतल्याशिवाय पैसे काढूच नयेत. आपल्या दुकानांतल्या बऱ्याच सॅक पुरुषाच्या खांद्यांचा आणि कमरेचा अंदाज धरून बेतलेल्या असतात आणि ‘युनिसेक्स’ची चिठ्ठी लावली म्हणून पट्टे जवळ येत नाहीत.

लिटरच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. साठ-सत्तर लिटरची पहिली सॅक घेऊ नका. ती रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते आणि रिकामी जागा आपल्याला बघवत नाही, आपण ती भरतो. पंचावन्न किलोच्या पोराने पाठीवर अकरा-बारा किलोपर्यंत राहावं. शाळेच्या दप्तराला तर राज्य सरकारने २०१५ मध्ये मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली होती. पस्तीस ते चाळीस लिटर पुरतात. वरचं झाकण आणि कंबरपट्टा सुटा होणारा हवा, कारण दोर बांधून चढताना हार्नेस कमरेला असतो आणि त्याच्यावर जाड पट्टा अडतो. पाठ गुळगुळीत. दोन्ही बाजूंना वर-खाली दोन-दोन मजबूत पट्टे, त्यात उद्या स्कीही बांधता येतील. पुढे एक वेगळा खिसा. आइस अ‍ॅक्ससाठी फासे. बस्स. घाम येईल, येऊ द्या. आजकाल ‘व्हर्सटाइल’ म्हणजे जोडलेल्या गोष्टींची यादी असं झालंय. मला त्याचा अर्थ सॅकमधून काय काय काढून ठेवता येतं असा वाटतो. रेनकव्हर सोबत मिळालं तर ठीक, पण सह्याद्रीतल्या पावसाळी वाऱ्यात ते उडून जातं. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधा.

हे वर्णन जुळणारी सॅक भारतीय बनावटीतही सापडते, वीस हजारांच्या खूप खाली, आणि जुनी सापडली तर आणखी खाली. बक्कल तुटलं तर बदलता येतं, शिवण उसवली तर चपला शिवणारा जाड दोऱ्याने घालून देतो. पुढेमागे हिमस्खलनाच्या पट्ट्यात स्की टूरिंग करायची वेळ आलीच, तर त्या मोसमापुरती तिथली सॅक भाड्याने घ्या, प्रशिक्षकाच्या नजरेखाली.

एक राग अजून शिल्लक आहे. पुण्या-मुंबईचा नवखा क्लबमधल्या कुणाची तरी सॅक मागून नेतो. रिसोड तालुक्यातल्या नवख्याला मागायला कुणी नाही, म्हणून तो लिंक उघडतो. एखाद्या कॉलेजने, एनसीसीच्या तुकडीने, नाहीतर गावच्या वाचनालयाने पाच साध्या सॅक आणि दोन तंबू घेऊन ठेवले, वहीत सही करून नेले-आणले, तर कितीसा खर्च येणार? क्रिकेटचं किट गावोगाव असंच वापरलं जातं. त्या पोराला मी हेच कळवलं आणि सोबत पाठीचं माप विचारलं. एकोणीस इंच निघालं. लिंकमधली सॅक त्याच्या मापाची नव्हती.