दोन इंजिनं, एक बोट

वीकेंडला अलिबाग गाठायला गेटवेहून मांडव्याची स्पीडबोट पकडलीत, तर एकदा मागे नजर टाका. काही बोटींना दोन आउटबोर्ड इंजिनं दिसतील. फक्त वेगासाठी? छे! एकटा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बोटीला एका बाजूला ओढतो. म्हणून जोडीतले पंखे सहसा उलटसुलट फिरतात. मागून पाहिलं तर उजवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावा त्याच्या विरुद्ध. एकाची ओढ दुसरा मारतो. जेटीला लागताना एक इंजिन पुढे, एक मागे टाकलं की बोट जवळपास जागच्या जागी वळते. सॉलिड ना?

पण पंखा बदलताना डाव्या इंजिनला चुकून उजवा चढला, तर बोंबला! पुढचा गिअर टाकूनही ते इंजिन बोटीला मागे ढकलतं. तेही जेटीशी, माणसं उतरत असताना.

दुसरी भानगड टाय बारची. हा आडवा दांडा दोन्ही इंजिनांना जोडतो. त्याची लांबी चुकली की दोघांची तोंडं दोन दिशांना, वेग कमी आणि पेट्रोलचा धूर. तपासायला साधी टेप पुरते. इंजिनं सरळ ठेवून पंख्यांवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. सुरुवातीला दोन्ही सारखी ठेवायची. मग दांडा किंचित फिरवायचा, पाण्यात बोट पळवायची आणि वेग बघायचा. एका फेरीत जमेलच असं नाही.