‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणजे नेमकं कोण? जव्हार-मोखाड्यात हा शिक्का कुणालाच नीट बसत नाही

सोशल मीडियावर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द कुणी शिवीसारखा वापरतं, तर कुणी अभिमानाने मिरवतं. कुणासाठी त्याचा अर्थ जुनाट विचारांचा, कुणासाठी धर्माभिमानी, तर कुणासाठी थेट भाजपचा मतदार. मराठीतही पुराणमतवादी, परंपरावादी, उजवा असे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत मात्र हा शिक्का कुणावर मारायचा, हे ठरवणं अवघड आहे.

मूळ विचार काय आहे?

या विचाराची मांडणी बहुतेकदा एडमंड बर्कपासून सुरू केली जाते. फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारं त्याचं पुस्तक १७९० साली आलं. बर्कचा बदलाला सरसकट विरोध नव्हता. पिढ्यान् पिढ्या टिकलेली व्यवस्था एका फटक्यात मोडू नका, बदल हळूहळू आणि आहे त्याच्या आधाराने करा, असं त्याचं म्हणणं होतं.

महाराष्ट्रात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून असाच वाद पेटला होता. मुलींचं संमतिवय १० वरून १२ करण्याचा हा कायदा होता. आगरकर सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. परक्या सरकारने कायदा करून आमच्या समाजात ढवळाढवळ करू नये, अशी टिळकांची भूमिका होती. म्हणजे काय बदलायचं याइतकाच, ते कुणी ठरवायचं हाही वादाचा मुद्दा होता.

पक्ष पाहून उत्तर का मिळत नाही?

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले. २००४ मध्ये जव्हारचा आमदार मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा होता. आज हे तालुके विक्रमगड मतदारसंघात येतात. तिथे २०१४ मध्ये भाजप, २०१९ मध्ये राष्ट्रवादी आणि २०२४ मध्ये पुन्हा भाजप निवडून आला.

यातला ‘परंपरावादी’ पक्ष कोणता? बोहाड्याचे मुखवटे, तारपा, वारली चित्रकला जपायला कुठल्याच पक्षाची ना नसते. प्रश्न जमिनीचा आणि जंगलाचा आला की बाजू बदलतात.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आलेल्या किसान लाँग मार्चमध्ये हजारो आदिवासी लाल झेंडे घेऊन चालले. त्यांची एक मुख्य मागणी होती, पिढ्यान् पिढ्या कसत असलेली वनजमीन नावावर करा. झेंडा क्रांतीचा होता, पण मागणी आहे ते हातातून जाऊ नये याची होती.

परंपरा जपायला सांगणारा कायदा

जव्हार आणि मोखाडा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. त्यामुळे इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. समाजाच्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याच्या पारंपरिक पद्धती यांचं रक्षण करायला ग्रामसभा सक्षम आहे, असं हा कायदा सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. मुंबई-दिल्लीऐवजी गावाने आपली रीत आपण सांभाळावी, ही कल्पना बर्कलाही पटली असती.

जमिनीचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भाजपचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना जमीन खासगी व्यक्ती किंवा कंपनीला भाडेपट्ट्याने देता येईल, असं जाहीर केलं. आदिवासी संघटनांनी विरोध केला.

इथे ‘उजवा’ पक्ष बदल मागत होता आणि विरोधक जुनं बंधन टिकवा म्हणत होते. दोन्हींकडे वजनदार मुद्दे आहेत. पडीक जमिनीतून घरबसल्या भाडं मिळालं तर गरीब कुटुंबाला हातभार लागतो. पण भाडेपट्टा वर्षानुवर्षं चालला, तर जमीन कागदावर आदिवासीची आणि ताब्यात दुसऱ्याच्या, असंही होऊ शकतं.

मुलीच्या वाट्याचं काय?

परंपरेची खरी परीक्षा घरात होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे जमातीची रूढी पाहिली जाते. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिचा हक्क नाकारणं हा भेदभाव आहे आणि रूढींनीही काळाबरोबर बदलायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं.

समान नागरी कायद्याचा प्रश्नही इथेच येतो. भाजपच्या राजवटीत उत्तराखंडने हा कायदा केला, पण अनुसूचित जमातींना त्यातून वगळलं. एकाच कायद्याने काहींची परंपरा बदलली आणि काहींची राखली.

जपायचं काय, सोडायचं काय?

परंपरेचं कौतुक करताना १९९२-९३ मधलं वावर-वांगणी विसरता येत नाही. जव्हार तालुक्यातल्या या भागात कुपोषणाने बालकांचे बळी गेले आणि राज्य हादरलं. मोखाड्यात मुंबईसाठी मध्य वैतरणा धरण उभं राहिलं, तरी तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही परिस्थिती ‘जशी आहे तशी’ राहावी, असं इथे कुणीच म्हणणार नाही. इथल्या माणसाला रस्ता, दवाखाना आणि नळ हवा आहे. त्यासाठी जमीन आणि ग्रामसभेचा हक्क सोडावा लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणाला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारून पाहता येतील. तो नेमकं काय जपू पाहतोय? ते जपल्याने फायदा कुणाचा? आणि जपायचं की बदलायचं हे ठरवताना, ज्यांना त्याची झळ बसणार आहे, त्यांना, घरातल्या मुलीसकट, कुणी विचारलं का?