टाकीतली गोगलगाय



मुलाच्या हट्टापायी घरी मासे आले, सोबत एक गोगलगायही. महिन्याभरात तिच्या शंखावर पांढरे खड्डे दिसू लागले. चूक माझीच. शुद्ध म्हणून मी टाकीत आरओचं पाणी भरत होते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. असं पाणी आम्ल झालं की शंखातलं कॅल्शियम विरघळू लागतं.

दुकानदार म्हणाला, अंड्याचं टरफल टाका. ते माझ्या हातून होणार नव्हतं, आणि गरजही नव्हती. चुनखडीचा धुतलेला खडा टाकीत ठेवला, बोअरचं जड पाणी रोज थोडं थोडं मिसळलं. जुने खड्डे तसेच आहेत, पण कडेची नवी वाढ गुळगुळीत आहे. आणि हो, माशांच्या औषधात तांबं असेल तर ते गोगलगायीला विष ठरतं.

पाठशाळेत द्वीन्द्रिय जीवांत आपण शंखाचं नाव पाठ केलं होतं. माझं मत विचाराल तर शोभेसाठी जीव विकत आणूच नये. पण घरात आलाच, तर ‘आम्ही मारलं नाही’ एवढ्यावर सुटका नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, टाकीतल्या पाण्याकडेही तेवढ्याच काळजीने पाहायला हवं.