खेळ कोणाचा, चाल कोणाची?

आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवानें दोन वर्षें खपून संगणकावर खेळावयाचा एक खेळ तयार केला आहे. हरकाऱ्यानें रात्रीं गड चढावयाचा आणि पहारे चुकवावयाचे, असें त्याचें स्वरूप. आम्ही दोनदां खेळून पाहिला व दोन्ही वेळां पहिल्याच दरवाजाशीं पकडले गेलों. असो. खेळ विक्रीस ठेवण्याची वेळ आली, तेव्हां घरांत एकच चिंता सुरू झाली : कोणी कल्पना उचलली तर?

या चिंतेस कायद्यांत फारसें औषध नाहीं. कल्पनेवर मालकी सांगतां येत नाहीं. बुद्धिबळाचे नियम कोणाच्याच मालकीचे नाहींत. कारागिरानें कोरलेल्या मोहऱ्यांचें रूप मात्र त्याचें असतें. १९७० च्या पेटंट कायद्यानें तर खेळण्याची पद्धत स्पष्ट शब्दांत वगळली आहे. उलटपक्षीं १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयकृति मानतो. (जन्मभर वाङ्मय शिकविलेल्या आम्हांस हें वाचून क्षणभर हसूं आलें.) कृति निर्माण होतांच हक्क उत्पन्न होतो आणि कर्त्याच्या पश्चात् साठ वर्षें टिकतो. नोंदणी सक्तीची नाहीं. पण ५०० रुपयांत होणारी ती नोंद न्यायालयांत प्रथमदर्शनीं पुरावा ठरते. शिवाय दावा आपण राहतों तेथील जिल्हा न्यायालयांत लावतां येतो, ही सोय लहान नव्हे. खेळाचें नांव राखावयाचें तर व्यापारचिन्हाचा अर्ज निराळा. एकट्या व्यक्तीनें ऑनलाइन केल्यास एका वर्गास ४,५०० रुपये. 'स्टीम' या अमेरिकन बाजारांत खेळ मांडण्यास १०० डॉलर पडतात. विक्री १,००० डॉलरांवर गेल्यास ते परत मिळतात; परंतु विक्रीचे सुमारें तीस टक्के बाजार ठेवून घेतो.

हा हिशेब चालला असतां आम्हीं सहज विचारलें, "बाळ, गड चढतांना वाजतें तें संगीत कोणाचें?"

"माझ्या मित्राचें, आजोबा. त्यानें घरींच रचून वाजवून दिलें. आमचें बोलणें झालें आहे."

"आणि कागद?"

"मित्राकडून कागद कसा मागावयाचा?"

खरें भय येथें होतें. जो आपल्या नोकरींत नाहीं, त्यानें रचलेल्या चालीचा पहिला मालक तो स्वतःच. तो हक्क दुसऱ्याकडे जावयाचा तर सहीचा लेख हवा. लेखांत मुदत लिहिली नाहीं तर कायदा ती पांच वर्षें धरतो आणि प्रदेश लिहिला नाहीं तर केवळ भारत! जगभर विकावयाच्या खेळाचें संगीत हिंदुस्थानच्या सीमेवर थांबावयाचें म्हणजे गंमतच. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत लेख्यप्रकरण घातलें, तें कांहीं परक्यांपुरतेंच नव्हे. आम्हीं स्वतः तरुणपणीं एका प्रकाशकास तोंडी बोलीवर व्याकरणाची पुस्तिका लिहून दिली. पहिल्या तीनशें रुपयांनंतर आवृत्त्या निघत राहिल्या. आम्हांस त्या दुकानांत दिसत.

मुलानें मसुदा केला व मित्रास धाडला. दोन दिवस उत्तर नाहीं. घरांत सगळे आमच्याकडे पाहूं लागले. म्हातारपणीं दोन जिवलगांत वितुष्ट पाडलें कीं काय, असें आमच्याही मनांत येऊन गेलें. तिसऱ्या दिवशीं मित्र आला, तो स्वतःचा कागद घेऊन. त्यास एकरकमी पैसे नको होते. बाजाराचा वांटा वजा जातां उरेल त्याचा दहावा हिस्सा आणि खेळाच्या आरंभीं आपलें नांव हवें होतें. चाल स्वतंत्रपणें मैफलींत वाजविण्याची मोकळीकही त्यानें मागितली. नातू म्हणाला, "एवढेंच ना?" मग मुदत, प्रदेश, हिस्सा सारें लिहून झालें. साक्षीस एक सही मित्राच्या वडिलांची, दुसरी आमची. वहिनींनीं पोहे केले होते, ते तोंवर गार झाले होते.